मैनाबाईच्या पायाखालच्या टिकल्या

मैनाबाईच्या पायात काटा गेला की तो आधी दुसऱ्याला दिसायचा, मग तिला कळायचा. किरनापूरकडच्या एका खेड्यातून ती आठवड्यातून दोनदा भाजीची टोपली घेऊन बालाघाटला यायची आणि आमच्या ओसरीवर पहिली टोपली उतरायची. सन त्र्याहत्तरच्या माघातली गोष्ट. ती ओसरीच्या तिन्ही पायऱ्या चढून आली, टोपली ठेवली आणि लाखोरीची भाजी किती कोवळी आहे ते सांगू लागली. मी पाहिलं तर पायऱ्यांवर लाल ठसे उमटले होते.

मला बोलता येत नव्हतं. सकाळी उठल्यापासून पूजा होईपर्यंत मी मौन पाळते. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी घेतलेलं व्रत आहे. म्हणून मी नुसतं बोट दाखवलं.

मैनाबाई टोपली सोडून उडी मारून बाजूला झाली. "काय बाई? साप हाय का?"

मी मान हलवली आणि पुन्हा पायऱ्यांकडे बोट केलं. तिने वाकून पाहिलं, मग स्वतःचा तळवा उलटा करून पाहिला. अंगठ्याच्या मागे, चवड्याखाली, रुपयाएवढी जखम.

"अगं माय! हे माह्यंच रगत होय?" असं म्हणून ती हसायला लागली. "मले वाटलं, तुमच्या घरी काल लगन-गिगन झालं, आलत्याचे पाय उठले."

तिचा महारोग बरा झाला होता. सरकारी दवाखान्यातल्या गोळ्या तिने चार वर्षं न चुकता घेतल्या होत्या, आणि आता तिच्यापासून कुणाला काही होणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण रोग जाताना पायांची जाणीव घेऊन गेला. निखारा असो की पाणी, तिच्या तळव्यांना सगळं सारखंच.

आमच्या समोरच्या क्वार्टरमध्ये राहणारे डॉक्टरच तिचा पाय पाहत. जबलपूरकडचे, मराठी समजायचं पण बोलायचे हिंदी. त्या संध्याकाळी ते आमच्याकडे चहाला आले तेव्हा ह्यांना म्हणाले, "मास्टरजी, चौथी बार प्लास्टर चढाया है। प्लास्टर में घाव भर जाता है। खोलो, तो पंद्रह दिन चलते ही फिर फटता है। अब की बार फटा तो आगे का पंजा काटना पड़ेगा।"

हे शाळेत विज्ञान शिकवतात. त्यांनी कप खाली ठेवला. "पाय फाटतो तो जास्त दाब पडतो म्हणून ना? मग दाब नेमका कुठे आणि कधी पडतो?"

"वही तो पता नहीं चलता। आपको-हमको दर्द होता है, हम पैर सरका लेते हैं। इसको कौन बताए?"

ह्यांच्या कपातला चहा तसाच राहिला, आणि ह्यांचा चहा अर्धा राहिला की पुढचे काही आठवडे माझ्या स्वयंपाकघरातल्या वस्तू जागेवर राहत नाहीत, हे मला ठाऊक होतं.

पहिल्यांदा त्यांनी माझ्या पोह्यांच्या डब्याचं झाकण कापलं. पत्र्याच्या दोन चकत्या, मध्ये कापूस, दाबलं की एकमेकींना टेकायच्या आणि टॉर्चचा दिवा लागायचा. मला वाटलं, झालं काम. डॉक्टरांनी ती चकती अंगठ्याने दाबून पाहिली आणि हात जोडले. "मास्टरजी, जिस पैर को कुछ मालूम नहीं पड़ता, उसके नीचे टीन मत रखिए। यह तो खुद घाव कर देगा।"

म्हणजे वस्तू अशी हवी होती, जी पायाखाली आहे हे पायाला कळू नये. पापडासारखी पातळ, वाकवली तर वाकणारी, घामाने न भिजणारी. ह्यांनी युरियाच्या पोत्यातली आतली प्लास्टिकची पिशवी आणली. मी ती सात पाण्यांनी धुतली, तरी वास गेला नाही. त्या प्लास्टिकच्या रुपयाएवढ्या गोल चकत्या कापल्या. दोन चकत्यांच्या आतल्या अंगाला वीज वाहील असा काळा लेप द्यायचा, सिगारेटच्या पाकिटातल्या चांदीची बारीक पट्टी लेपाला लावून तिला तार जोडायची, आणि इस्त्रीच्या टोकाने कडा चिकटवायच्या. जेवढं दाबावं तेवढे दोन्ही लेप एकमेकांना जास्त बिलगतील आणि तेवढी वीज जास्त वाहील, असा त्यांचा हिशेब.

लेपासाठी पेन्सिलींचं शिसं कुटलं. माझ्याच खलबत्त्यात. वाकवल्यावर त्या लेपाला भेगा पडल्या.

"अगं, याहून बारीक काळं काही हवं," हे म्हणाले. "अगदी पिठाहून बारीक."

"काजळ चालेल?" मी विचारलं. आमच्या गल्लीत कुणाकडे बाळ झालं की काजळ माझ्याकडून जातं. देवापुढच्या समईवर पितळेची थाळी पालथी धरायची, की काळी मखमल जमते.

ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला लग्नातला अंतरपाट आठवला. "चालेल? अगं, धावेल!"

त्या दिवसापासून मी त्यांना चांदीच्या डबीतून काजळ देऊ लागले. ते सायकलचं पंक्चर काढायच्या रबराच्या सोल्युशनमध्ये मिसळून चकत्यांना लावत. आणि तो लेप काही केल्या वाळेना. उन्हात ठेवला, चुलीमागे ठेवला, दोन चकत्या टेकवल्या की सरकायच्या. कधी दिवा लागायचा, कधी नाही. त्यांनी सोल्युशन बदललं. मग प्लास्टिकला दोष दिला. मग हवेला. डबी मात्र मी रोज भरत होते, आणि महाशिवरात्रीला तर मुद्दाम काठोकाठ भरली.

तिकडे मैनाबाई बालाघाटातच, भावाच्या घरी, प्लास्टर पुढे करून बसली होती. मी भाजी-भाकरी घेऊन जायची. "मास्तरचं काय चालून राह्यलं?" ती विचारायची. "लवकर करा म्हणा. दहा दिवसांत हे चुन्याचं मडकं फोडणार हायेत. अन् मी घरी बसणाऱ्यातली नाही बाई. पाय गेला त हातावर चालीन, पन चालीन." हसत हसतच म्हणायची. पण त्या दिवशी ती माझा पदर धरून होती, आणि मी निघाले तरी तिने तो लगेच सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळ करून ओलेत्याने तुळशीला पाणी घालून आत आले, तर हे शर्ट घालून तयार होते. टेबलावर वर्तमानपत्र, त्यावर काल रात्रभर वाळत ठेवलेल्या चकत्या.

"मी डॉक्टरांना सांगून येतो," ते म्हणाले. "हे माझ्याच्याने होत नाही. उगाच त्या बाईला आशा लावून ठेवली."

त्यांनी शेवटची चकती उचलली, बोटांनी चोळली, बोटं वर्तमानपत्राला पुसली. मी तिथे पाहिलं. कागदावर काळा डाग होता, आणि त्याभोवती कागद पारदर्शक झाला होता. वडे काढून ठेवल्यावर कागद होतो तसा.

मी काजळाच्या डबीकडे पाहिलं.

माझ्या आईने मला शिकवलं होतं की कोरडी काजळी कुणाच्या हातात द्यायची नाही. कोरडी असते ती धुराड्यातली. त्यात तुपाचं बोट मिसळायचं, मळायचं, तेव्हा ते काजळ होतं. मी महिनाभर ह्यांना प्रेमाने, घरच्या तुपात मळलेलं काजळ देत होते. शिवरात्रीला तर तूपही जरा जास्तच.

आणि पूजा व्हायची होती.

अकरा वर्षांत माझं मौन मोडलं नव्हतं. ताप असताना नाही, घरात विंचू निघाला तेव्हाही नाही. हे चपला घालत होते. मी धावत जाऊन तुपाची वाटी आणली आणि दारात आडवी उभी राहिले.

"आत्ता भूक नाही मला," हे म्हणाले.

मी मान हलवली. वाटीत बोट बुडवलं, काजळाच्या डबीत बुडवलं, आणि ते त्यांच्यापुढे नाचवलं.

"हो, दिसलं. पण माझ्या कपाळाला तीट कशाला? दृष्ट लागावी असं काही केलं नाही मी."

मी त्यांचा हात धरून टेबलाशी नेलं. वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर तुपाचं बोट टेकवलं. कागद पारदर्शक झाला. मग त्यांच्या डागावर बोट ठेवलं. मग डबीवर. मग स्वतःच्या छातीवर.

ह्यांनी डागाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "तूप?"

मी मान डोलावली.

"काजळात?"

मान डोलावली.

"रोज?"

आता मला रडू येत होतं. हे झोपाळ्यावर बसले. मला वाटलं, रागावले. त्यांचे खांदे हलायला लागले, मग झोपाळाही. ते हसत होते. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "महिनाभर मी रबराला शिव्या घालतोय, आणि ते बिचारं इथे तुपात लोळतंय! अगं, लेप वाळतच नव्हता तो उगाच नाही!"

त्या दिवशी अथर्वशीर्ष म्हणताना मी दोनदा चुकले. पूजा संपली तसं पहिलं वाक्य बोलले, "आता कोरडी देते. चार दिवे लावते."

चार समयांवर चार थाळ्या. संध्याकाळपर्यंत वाटीभर कोरडी काजळी. लेप दुसऱ्या दिवशी दुपारच्या उन्हात घटकाभरात वाळला, वाकवला तरी भेग नाही. कडा चिकटवल्यावर ती काळी, गोल, पातळ वस्तू माझ्या तळहातावर ठेवून हे म्हणाले, "घे, तुझी टिकली." तेव्हापासून तिचं नाव टिकलीच पडलं.

टिकलीतून येणारी वीज इवलीशी. तिने टॉर्चचा दिवा लागावा म्हणून ह्यांनी एका बंद पडलेल्या रेडिओतला ट्रान्झिस्टर आणि आवाज कमीजास्त करायची खुंटी काढून आणली. खुंटी फिरवून ठरवता यायचं, की किती दाबल्यावर दिवा लागावा. पण किती? पायाला किती झालं म्हणजे जास्त झालं, हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. वजनं ठेवून पाहिली, माझा वरवंटा ठेवून पाहिला. आकडे आले, पण त्या आकड्यांना दुखतं कुठे?

"माझ्या पायावर लावा," मी म्हटलं.

मी अनवाणी उभी राहिले. चवड्याखाली टिकली, टिकलीखाली हरभऱ्याएवढा खडा. हळूहळू त्या पायावर भार टाकायचा, आणि जिथे नकोसं वाटेल, पाय उचलावासा वाटेल, तिथे हात वर करायचा. मी हात वर केला की हे खुंटी फिरवून नेमका तिथेच दिवा लावायचे. असं वीस वेळा. पाय बदलून वीस वेळा.

डॉक्टर दारातून पाहत होते. "भाभीजी, यह क्या कर रही हैं?"

"मैनाबाईसाठी दुखवून घेतेय," मी म्हटलं. ते चहा न घेताच परत गेले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी प्लास्टर काढायची तारीख एका आठवड्याने पुढे ढकलली.

गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी प्लास्टर निघालं. डोमाजी चांभाराने स्पंजची नवी चप्पल बनवून ठेवली होती. तिच्यावर पाच टिकल्या: अंगठा, चवड्याखाली दोन, बाहेरची कड, टाच. तारा मैनाबाईच्या पोटरीवरून कमरेच्या कापडी पिशवीत, आणि दिवा तिच्या हातात. एका वेळी एक टिकली जोडायची.

मैनाबाईने तो दिवा ओंजळीत धरला. "अन् याले माह्यं दुखनं समजते?"

"तुझं नाही, माझं," मी म्हटलं. "आता चाल."

ती ओसरीपासून फाटकापर्यंत गेली. टाच, काही नाही. कड, काही नाही. ह्यांनी चवड्याची टिकली जोडली. पहिल्या पावलाला दिवा लागला. दुसऱ्याला लागला. प्रत्येक पावलाला, पाऊल उचलायच्या जरासं आधी, लख्ख.

"तिथंच!" डॉक्टर ओरडले. मराठीत ओरडले.

डोमाजीने चप्पल घेतली, कातडं कापायच्या रापीने नेमकी ती जागा कोरून खोलगट केली. मैनाबाई पुन्हा चालली. दिवा जरा मंद झाला, पण लागला. डोमाजीने आणखी कोरलं. पुन्हा लागला. चार दिवस हेच चाललं होतं. चौथ्या दिवशी डोमाजी म्हणाला, "मास्तर, आता याच्या खाली जमीनच हाय. जमीन कोराले सांगसान त थेबी कोरतो." हे पुन्हा डोक्याला हात लावून बसले.

मी तुळशीपाशी होते. माझ्या रोजच्या अकरा प्रदक्षिणा चालल्या होत्या, मौन सुटलेलं होतं. मैनाबाई कट्ट्याच्या पलीकडे उभी राहून बघत होती. इतकी वर्षं ती आमच्याकडे येते, पण तुळशीपाशी कधी आली नव्हती. कुणी बोलवावं अशी वाटही तिने पाहिली नव्हती.

"म्याबी फिरू का बाई?" तिने अगदी हळू विचारलं. "पायासाठी."

मी थांबले. खरं सांगायचं तर थांबले. डॉक्टरांचं म्हणणं मला पटलं होतं, पण पटलेलं अंगात उतरायला एखादा श्वास जास्त लागतो. मग मी बाजूला सरकून तिला जागा दिली. "माझ्यामागून ये."

ती माझ्यामागून आली. तुळशीभोवती आमची पाऊलवाट अरुंद. पावलापुढे पाऊल ठेवत जावं लागतं, आणि देवाभोवती कुणी ढांगा टाकत नाही. दोन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीला हे ओसरीवरून म्हणाले, "मैनाबाई, दिवा बघू. तार तुटली वाटतं."

दिवा विझलेला होता.

ह्यांनी येऊन तार तपासली. ठीक. चवड्याची टिकली बोटाने दाबली. दिवा लागला. "चाल पुन्हा." ती तुळशीभोवती चालली. अंधार. "आता फाटकापर्यंत जा." ती निघाली, आणि दुसऱ्या पावलाला दिवा लख्ख.

मी दोन्ही वेळा तिच्या पावलांकडे पाहत होते. "अहो," मी म्हटलं, "तिची टोपली डोक्यावर असल्यासारखी चालते ती. बाजार गाठायचाय अशी. तुळशीभोवती मात्र माझ्यासारखी चालते."

ह्यांनी अंगणात खडूने रेघा मारल्या. मैनाबाईचं पाऊल त्यांनी मोजलं, सव्वादोन फूट. माझं, प्रदक्षिणेतलं, फूटभर. ढांग लांब टाकली की चवड्यावर सगळं अंग लोटलं जातं. पाऊल छोटं ठेवलं की तळवा एकदम टेकतो, एकदम उचलला जातो. फूटभराच्या रेघांवर मैनाबाई फाटकापर्यंत गेली आणि परत आली. दिवा एकदाही लागला नाही.

"असं चालाचं?" ती फाटकाशी उभी राहून म्हणाली. "असं त नवी नवरी चालते!"

"मग नवरीसारखी चाल!" डोमाजी म्हणाला. "सुखरामभाऊले पुन्हा पाहाले बोलावतो."

सुखराम तिचा नवरा. ती लाजली. पंचेचाळिशीची बाई, पदर तोंडाला लावून लाजली.

पुढचे दोन महिने आमचं अंगण तिची शाळा. सकाळी माझ्या अकरा फेऱ्या, तिच्या एकशे आठ. मी मनात जप करायची, ती माझ्या वाटणीचंही बोलायची. दिवा लागला की स्वतःलाच रागवायची, "काहून पयते वं? कोन वाघ लागला मांगं?" शेजारच्या दुर्गाबाई भिंतीवरून म्हणायच्या, "अहिल्याबाई, तुमच्या तुळशीला आता तुमच्याहून ती जास्त ओळखते हो." मी हसून हात जोडायची. काही दिवसांनी दुर्गाबाईंनी आपणहून मैनाबाईसाठी लोणच्याची बरणी भिंतीवर ठेवली.

ज्येष्ठात डॉक्टरांनी तिला ओसरीवर बसवलं आणि पाय मांडीवर घेतला. आम्ही सगळे ओणवे. तळवा उलटा केला. चवड्याखाली गुलाबी, गुळगुळीत कातडी. भेग नाही, ओल नाही. त्यांनी अंगठ्याने दाबून पाहिलं, चष्मा काढून पाहिलं, पुन्हा लावून पाहिलं.

"पंजा नहीं कटेगा," ते म्हणाले. "घर जाओ।"

मैनाबाईने तळवा दोन्ही हातांत धरून स्वतः पाहिला. मग ती डॉक्टरांच्या पाया पडायला वाकली, मग ह्यांच्या, मग डोमाजीच्याही. तो चार पावलं मागे उडाला. माझ्याकडे आली तेव्हा मीच तिला धरलं.

दुपारी किरनापूरच्या बसवर आम्ही तिला पोचवायला गेलो. तारा आणि पिशवी काढून ठेवली होती. आता दिव्याची गरज नव्हती. आम्ही स्टँडच्या तोंडाशी, आणि बस पार पलीकडे, सुटायच्या बेतात. ड्रायव्हरने हॉर्न दिला. कंडक्टर दारात लोंबकळून ओरडला, "ओ बाई, जल्दी करो! गाडी छूट रही है!"

मैनाबाईचं एक पाऊल लांब पडलं. ती थांबली, दोन्ही पाय जुळवून उभी राहिली. टोपली डोक्यावर नीट केली. आणि फूटभर, फूटभर, एकेक तळवा पूर्ण टेकवत निघाली.

"अरे माँ, दौड़ो तो!"

"थांब ना रे बाबा," ती त्या पावलांच्या तालातच मोठ्याने म्हणाली. "मी येऊन राह्यली."

हॉर्न वाजत होता. बसमधल्या बायका खिडक्यांतून माना काढून पाहत होत्या. हे माझ्या शेजारी ओठांतल्या ओठांत तिची पावलं मोजत होते. मैनाबाईने ना वेग वाढवला, ना मागे पाहिलं. साऱ्या स्टँडच्या धुळीतून ती अशी गेली की तिच्यासाठी कुणी पायघड्या घातल्या असाव्यात. शेवटी कंडक्टरच खाली उतरला आणि पुढे येऊन त्याने टोपली आपल्या हातात घेतली.